सोसण्याचं कौतुक

यंदा आठ मार्चच्या आधी आमच्याच भागातल्या एका महिला मंडळाचा फोन आला. कार्यक्रमात पाच जणींचा सत्कार करायचं ठरलंय, त्यात तुमचं नाव आहे, शाल, श्रीफळ आणि ट्रॉफी. "फक्त एक फोटो पाठवा ताई, आणि तुमच्या लढ्याबद्दल चार ओळी." कसला लढा, असं मी विचारणारच होते, तेवढ्यात त्यांनीच सांगितलं. "कॅन्सरवर मात करणारी रणरागिणी, असं बॅनरवर टाकतोय."

मी नको म्हणाले. फार गोड आवाजात म्हणाले, पण नको म्हणाले. झालं! मंडळातल्या दोघी नात्यातल्याच. 'फार शिष्ट झालीये' हे संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पोचलं. (आळंदी तशी लहानच. एका घाटावर शिंकलं की पलीकडच्या घाटावर कळतं.)

फोनवर कारण सांगणं शक्य नव्हतं. तेवढा वेळ कुणालाच नसतो आणि मलाही ते दोन वाक्यांत जमलं नसतं. म्हणून इथे लिहितेय. नातेवाईक हे वाचतात हे मला माहीत आहे. वाचावंच.

तर सुरुवात २०१५ च्या कार्तिकीपासून. कार्तिक वद्य एकादशी म्हणजे आळंदीकरांच्या घराची धर्मशाळा होण्याचे दिवस. माउलींच्या समाधीचा सोहळा, गावात मुंगीला पाय ठेवायला जागा नाही, आणि आमच्याकडे माहेरचे-सासरचे मिळून अठरा माणसं. त्या गर्दीत पहाटे चार वाजता अंघोळ करताना मला डाव्या स्तनात गाठ लागली. बोराएवढी. दुखत नव्हती. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, "आटप गं, पाणी गार होतंय," आणि मी आटपलं.

दुखत नाही म्हणजे काही नसेल, असं मी स्वतःला समजावलं. (नंतर कळलं की बऱ्याचदा ती दुखत नाही, तोच तिचा कावा असतो.) तरी मनात होतंच. कार्तिकी झाली की दाखवू. मग जानेवारीत हळदीकुंकू. फेब्रुवारीत नणंदेच्या मुलीचं लग्न, तेही आळंदीतच, म्हणजे उतरायला सगळे आमच्याकडेच. मार्चमध्ये लेकीची दहावी. आमच्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, कामवाल्या मावशींचे खाडे असं सगळं मी लिहिते. मार्चच्या पानावर, परीक्षेच्या शेवटच्या पेपरानंतरच्या चौकोनात, मी बारीक अक्षरात 'दा.' असं लिहून ठेवलं. दाखवणे.

सासूबाईंनी एकदा विचारलंसुद्धा, "हे 'दा.' काय गं?"

"दाणे आणायचेत," मी म्हणाले. "कूट संपत आलंय."

चार महिने. गॅस, दूध, इस्त्री, पेपर, आणि सगळ्यात शेवटी मी. ठरल्याप्रमाणे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दाखवायला गेले. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईने तुकडा काढून तपासणी, हे सगळं ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे; ज्यांच्या घरी नाही त्यांना कधी कळू नये. त्या सगळ्यातला एकच क्षण सांगते. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "कधीपासून लागत होती हाताला?"

मी म्हणाले, "डिसेंबरपासून."

शेजारच्या खुर्चीत नवरा बसला होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला त्या दिवशी कॅन्सर हा शब्द ऐकून रडू आलं नाही. ते त्याच्या पाहण्याने आलं.

बाहेर आल्यावर त्याने गाडी काढली नाही. पार्किंगमध्येच उभा राहिला आणि म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'तुम्हाला टेन्शन नको म्हणून' असं काहीतरी म्हणाले. तेव्हा तो जे बोलला ते मी विसरलेले नाही. तो चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. म्हणाला, "आमच्याकडे मशीनचा आवाज नुसता बदलला तरी ऑपरेटरने सांगायचं असतं. लाइन थांबवायची असते. नवीन आलेल्या पोरालाही तो अधिकार असतो. थांबवली म्हणून कुणी रागवत नाही, थांबवली नाही म्हणून रागावतात. आणि माझ्या घरात..." पुढे बोलला नाही. त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मला वाटलं होतं, मी त्याला जपलं. त्याला वाटलं, आपण हिला परके आहोत. सोळा वर्षांच्या संसारात एवढं मोठं भांडण आमचं कधी झालं नव्हतं, आणि हे तर आवाज न करताच झालं.

का नाही सांगितलं? गेली इतकी वर्षं मी याचा विचार करतेय. आमचं घर काही बायकांना धाकात ठेवणारं नाही. नवरा पहिल्या दिवशी घेऊन गेला असता. पैशाचीही अडचण नव्हती, कंपनीचा मेडिक्लेम होता. लाजेचा थोडा भाग असेल. पण खरं सांगू? माझ्यावाचून घर अडतं, यात एक सुख असतं. अठरा माणसांचा स्वयंपाक मी केला, कुरकुर न करता केला, हे चार जणांनी म्हटलेलं मला आवडायचं. ताप अंगावर काढला तर सासरी-माहेरी कौतुक व्हायचं. लहानपणापासून मी हेच ऐकत आले होते, की आजी बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत शेतात होती, मावशीने पाय मोडलेला असताना पुरण वाटलं. आमच्याकडे बायकांच्या गोष्टी याच असतात. या गोष्टींत कुणी डॉक्टरकडे वेळेवर जात नाही. गेली तर ती गोष्टच होत नाही.

एप्रिलअखेर ऑपरेशन झालं. मेअखेर केमो सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी एक, अशा आठ. पहिल्या चार वेळा लाल रंगाचं औषध, ते शिरेतून जाताना नुसतं बघूनही पोटात ढवळायचं. सीझन लग्नाचा. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना मंगल कार्यालयं, आणि आळंदीत लग्न म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. घरच्यांच्या संमतीने, संमतीविना, वऱ्हाडासकट, वऱ्हाडाविना, एकेका कार्यालयात दिवसाला तीन-तीन, चार-चार. मी बादली घेऊन पलंगावर पडलेली आणि बाहेर मंगलाष्टकं. एकदा सगळ्या मुली 'अखंड सौभाग्यवती' होताना ऐकता ऐकता मनात आलं, या आशीर्वादाचा अर्थ कधी कुणी नीट सांगितला का या मुलींना? सौभाग्य अखंड राहायचं तर नवऱ्याच्या आधी मरायला हवं! केस गेलेल्या डोक्यावर हात फिरवत मी एकटीच हसले होते.

त्या दिवसांत माझं सगळं केलं ते सासूबाईंनी. आई म्हणते मी त्यांना. तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या. पेज, ताक, डाळिंब सोलून देणं, ओकारीची बादली उचलणं, सगळं. एक गंमत सांगते. विकतचा तो सिलिकॉनचा पॅड फार महाग होता आणि उन्हाळ्यात टोचायचा. आईंनी माझ्या जुन्या सुती साडीची पिशवी शिवली, वजन यावं म्हणून आत मोहरी भरली, आणि म्हणाल्या, "घे. बघ जमतंय का." मी म्हणाले, "आई, घामाने मोड आले तर?" आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. स्त्रीत्व गेलं, अमुक गेलं, असं मला पुष्कळ जणींनी पुष्कळ हळव्या आवाजात विचारलं आहे. त्यांना माझं एकच उत्तर, की माझं स्त्रीत्व त्या मोहरीच्या पिशवीत छान मावलं.

ती पिशवी शिवताना आईंच्या अंगावरून जात होतं. पाळी जाऊन चौदा-पंधरा वर्षं झाली होती त्यांची. आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

खुणा होत्या, पण त्या वाचता आल्या नाहीत. जूनमध्ये माउलींची पालखी निघाली तेव्हा आई निरोपाला गेल्या नाहीत. जन्मात पहिल्यांदा. देवळात जाणं बंद झालं. आम्ही समजलो, माझ्यापायी त्यांना वेळ मिळत नाही. मग नवरात्र आलं. आमच्याकडे घटाला माळ आईच घालायच्या, सासरे गेल्यावर नात्यातल्या काहींनी नाकं मुरडली तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं. त्या वर्षी म्हणाल्या, "यंदा घटाचं नातीला करू दे. शिकायला हवं तिने." मला ते कौतुकाचं वाटलं.

तिसऱ्या माळेला लेक माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, आजी पाळी असल्यासारखी लांब का बसते गं?"

सोळा वर्षांची मुलगी. तिला दिसलं ते.

मी कशीबशी जिना चढून गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागे, रस्त्यावरून दिसणार नाही अशा दोरीवर, जुन्या लुगड्याच्या घड्या वाळत होत्या. कितीही धुतलं तरी न जाणारे डाग. लपवलेली वस्तू ओळखायला लपवणारीच लागते. खाली येऊन मी आईंना विचारलं, "कधीपासून?"

विचारल्यावर कळलं की हा माझा प्रश्न नाही, डॉक्टरीणबाईंचा आहे.

आई म्हणाल्या, "तुझं लाल औषध सुरू झालं तेव्हापासून." आणि लगेच, "घरात एक आजारी पुरे होतं गं."

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. तिसरी स्टेज. रेडिएशन झालं, जोडीला केमो झाली. मी ज्या खुर्चीत बसायचे त्याच वॉर्डात त्या बसल्या. २०१८ च्या आषाढात, पालखी पंढरपूरच्या वाटेवर असताना, आई गेल्या.

आता त्या बॅनरकडे येते.

'लढली म्हणून जगली' हे मला ऐकवत नाही. कारण त्याचा उलटा अर्थ असा होतो की आई लढल्या नाहीत. सोसण्यावर जगणं ठरत असतं तर आमच्या घरात जगायला हव्या होत्या त्या आई. त्यांच्याएवढं सोसणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मी चार महिने गप्प बसले, त्या चार-साडेचार महिने गप्प बसल्या. चूक दोघींची सारखीच. माझा आजार औषधाला बधला, त्यांचा नाही. त्यात माझं कर्तृत्व शून्य. आधी कळलं असतं तर त्या वाचल्याच असत्या, असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही, मीही सांगत नाही. पण शक्यता वाढली असती. ती शक्यता आम्ही घरात बसून, देवाचं नाव घेत, चांगलं वागत-वागत घालवली.

आणि त्याहून वाईट एक वाक्य आहे. आईंच्या दहाव्याला एक नाही, तीन जणींनी मला सांगितलं, "तुझं सगळं त्यांनी स्वतःवर घेतलं हो!" म्हणजे माझा आजार त्यांनी ओढून घेतला, म्हणून मी वाचले. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता, मला माहीत आहे. पण जरा विचार करा. एका बाईच्या मरणाला तुम्ही दागिन्यासारखं नटवलंत, आणि दुसरीच्या गळ्यात जन्मभराचं कर्ज बांधलंत. आणि तिसरी, सोळा-सतरा वर्षांची, कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती, की चांगली बाई अशी असते.

तिने ते शिकायचं ते शिकलंच. पुढे एकदा पोट धरून भिंतीला टेकलेली दिसली. काय होतंय विचारलं तर म्हणाली, "काही नाही." ते 'काही नाही' ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तो माझाच आवाज होता. माझ्या आईचा, सासूचा, आजीचा. दागिने वाटून घेताना आम्ही भांडलो असू, पण हे एवढं मात्र सगळ्यांनी पुढच्या पिढीला न मागता दिलं.

समाधी मंदिराच्या आवारात सुवर्ण पिंपळ आहे, आळंदीला आलेल्या सगळ्यांनी पाहिलेला. आई त्याला प्रदक्षिणा घालायच्या. आधी सासऱ्यांसाठी, ते गेल्यावर मुलासाठी, मग नातीच्या परीक्षेसाठी, मग माझ्यासाठी. स्वतःसाठी एकही नाही. आणि प्रत्येक वेळी त्या रुक्मिणीबाईंची गोष्ट सांगायच्या. माउलींच्या आई, आळंदीच्या सिद्धोपंतांची लेक. नवरा विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यास घेऊन बसला, आणि ही बारा वर्षं या पिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिली. म्हणून नवरा परत आला, म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई झाले. सोसण्याचं फळ!

आई गेल्यावर मी ती गोष्ट पुन्हा नीट आठवून पाहिली. गोष्टीत काय होतं? विठ्ठलपंतांचे गुरू यात्रेला निघालेले आळंदीत येतात. रुक्मिणीबाई नमस्कार करतात. स्वामी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद देतात. आणि तेव्हा ती बोलते. हा आशीर्वाद खरा कसा होणार, माझ्या नवऱ्याने तर काशीत संन्यास घेतलाय, असं सांगते. स्वामींना लख्ख कळतं की तो आपलाच शिष्य. ते परत जाऊन त्याला घरी पाठवतात. म्हणजे बारा वर्षांच्या प्रदक्षिणांनी जे झालं नव्हतं ते तिच्या एका वाक्याने झालं! खाली मान घालून आशीर्वाद घेऊन ती घरी गेली असती तर? तर माउली नाहीत, मुक्ताई नाही, आळंदीला कार्तिकी नाही. आपण मात्र कीर्तनात प्रदक्षिणा मोजत बसतो.

गोष्टीचा शेवट आई नेहमी घाईने सांगायच्या. संन्याशाने पुन्हा संसार केला म्हणून देहान्त प्रायश्चित्त, आणि नवऱ्याबरोबर तिनेही चार लहान लेकरांना मागे ठेवून देह टाकला. तेव्हा तिला काय वाटत होतं हे कुणी विचारल्याचं कुठे ऐकिवात नाही. तिची लेक मात्र गप्प बसणारी निघाली नाही. भाऊ रागावून दार लावून बसला तेव्हा दाराबाहेर उभी राहून त्याला चार शब्द सुनावणारी तीच. वयाने सगळ्यांत धाकटी. मला वाटतं आईचं राहिलेलं बोलणं तिने बोलून टाकलं.

कुणी म्हणेल, बोलून काय होतं, कॅन्सर तो कॅन्सर. त्यांच्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन गोष्टी. आजारपणानंतर याविषयी मिळेल ते वाचायची सवय लागली, त्यात सापडलेल्या.

तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका. कुठलीही तक्रार नसताना त्यांना बोलावून गर्भाशयमुखाची तपासणी करायची; वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी पद्धत. २००९ मध्ये निष्कर्ष आले. ज्या गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी केली, आयुष्यात फक्त एकदा, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदा! आई १९९९ मध्ये एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. त्या गावांत असत्या तर कदाचित त्यांनाही बोलावणं आलं असतं. आणि बोलावलं तर बायका येतात, हेही तिथे दिसलं. आपण म्हणतो, बायका येत नाहीत, लाजतात. अहो, बोलावतं कोण?

दुसरी गोष्ट मुंबईची. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं काम केलं. तपासणाऱ्या कोण? मोठ्या डॉक्टर नव्हेत, शिकवून तयार केलेल्या दहावी झालेल्या बायका. त्या गर्भाशयमुखाला साध्या ॲसिटिक ॲसिडचं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं त्याचं, पातळ द्रावण लावून पाहायच्या आणि हाताने स्तन तपासायच्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनाच्या बाबतीत पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये जवळजवळ ३० टक्क्यांनी. हात आणि व्हिनेगर. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या नव्या रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या सव्वा लाखाहून अधिक होत्या, असा जागतिक अंदाज आहे. त्यांच्यातल्या किती जणींनी 'दा.' लिहून ठेवलं असेल, देव जाणे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सोसण्याचं कौतुक थांबवा. बाईने सोसू नये असं मी म्हणत नाही. केमो सोसावीच लागते, ती हसून सोसता आली तर उत्तमच. पण कौतुक ज्याचं होतं तेच माणूस पुन्हा करतं, मुलं बघून शिकतात तेही तेच. तुमच्या कार्यक्रमात शाल द्यायचीच असेल तर त्या बाईला द्या जिने पाहुणे घरात असताना, मुलीचा पेपर असताना, "मला बरं वाटत नाही, मी दाखवायला चाललेय, जेवायचं तुमचं तुम्ही बघा" असं सांगितलं आणि गेली. आणि काही निघालं नाही म्हणून हसत परत आली. तिच्यावर बॅनर होत नाही, मला कळतं. पण खरी शहाणी ती.

आणि बायकांनीच बोलायचं, असंही नाही. विचारायलाही पाहिजे. माझ्या नवऱ्याने हे माझ्याआधी ओळखलं. आईंच्या वर्षश्राद्धानंतर एके दिवशी त्याने त्याच्या कंपनीत प्रत्येक मशीनला लटकवलेला असतो तसा एक तक्ता आणला आणि फळीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी, लेक, त्याची बहीण, माझी आई. कुणाची कुठली तपासणी कधी झाली, पुढची कधी. मला आधी राग आला, आम्ही काय मशीन आहोत का? तो म्हणाला, "मशीनची तरी नीट काळजी घेतली जाते." पुढे बोलायला काही उरलं नाही. नणंद पहिल्या वर्षी चिडली, दुसऱ्या वर्षी स्वतःहून तारीख विचारायला लागली. लेकीचं पोटाचं दुखणं दाखवलं, औषध मिळालं, एवढं साधं होतं ते. सर्व्हाव्हॅक ही लस, आपल्या पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली, २०२३ मध्ये बाजारात आली. तेव्हा लेक तेवीस वर्षांची होती. तिने तिन्ही डोस घेतले, आणि तिच्या दोन मैत्रिणींना ओढून नेलं.

आमचं ते भांडण मिटलं का? मिटलं असावं. मध्ये एकदा मला रात्री छातीत नुसतं चमकलं. अडीच वाजले होते, तो सेकंड शिफ्ट करून नुकताच झोपला होता. पूर्वीची मी असते तर सकाळची वाट पाहिली असती. मी त्याला हलवून उठवलं आणि सांगितलं. तो उठून बसला, पाणी दिलं, विचारलं, "कधीपासून?" मी म्हणाले, "आत्ता. पाच मिनिटं झाली." तो काही बोलला नाही, पण माझा हात धरून बराच वेळ बसून राहिला. (ॲसिडिटी निघाली. वांग्याचं भरीत.)

मी अजूनही सुवर्ण पिंपळाला प्रदक्षिणा घालते. आईंची आठवण म्हणून, आणि मला ते आवडतं म्हणूनही. शेजारून बायका पुटपुटत जात असतात, यांच्यासाठी, बाळासाठी. एखादीशी ओळख झाली की मी विचारते, "आणि तुमचं स्वतःचं कसं आहे?" बहुतेक जणी म्हणतात, "माझं काय, काही नाही." मी जरा थांबते. दुसऱ्या फेरीत पुन्हा विचारते. तिसऱ्या फेरीत एखादी बोलते.

असो. फारच लांबलं. मंडळातल्या मैत्रिणींनो, राग मानू नका. ट्रॉफीचे पैसे वाचले असतील तर एक दिवस तपासणीचं शिबिर घ्या, चहा आणि पोहे माझ्याकडून. आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांनी आज घरातल्या एका बाईला तेवढं विचारा. 'काही नाही' म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारा.

माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर या महिन्यात एका चौकोनात माझ्या अक्षरात लिहिलंय : 'मॅमोग्राफी. सकाळी १०. जेवण बाहेरून मागवा.' चांगलं ठळक, दुधाच्या हिशोबावरूनच लिहिलंय.